शिल्लक मोठ्याने सांगायची नसते



एरवी मी इथे जुन्या इंदूरच्या आठवणी लिहितो. रामबागेतला वाडा, सराफ्यातली रात्र, शाखेतले किस्से. आज थोडं वेगळं आणि थोडं कडू लिहिणार आहे. लांबलं आहे, सवडीने वाचा. पटलं नाही तर तसंही कळवा.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे आम्हा पेन्शनर लोकांच्या जीवन प्रमाणपत्राच्या हंगामात, भर दुपारी फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, अगदी अदबीने. ‘सर प्रणाम, पेन्शन सेल से बोल रहा हूँ.’ मग त्याने माझं पूर्ण नाव सांगितलं. कोणत्या शाखेतून निवृत्त झालो ते सांगितलं, साल सांगितलं. सौ.चं नाव सांगितलं, मुलगा पुण्यात असतो हे सांगितलं. शेवटी म्हणाला, खातरजमेसाठी आईचं माहेरचं आडनाव अमुक अमुक, बरोबर ना? बरोबर होतं. इतकं सगळं ज्याला ठाऊक आहे तो बँकेचाच असणार, असं मला वाटून गेलं. सदतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला! तो म्हणाला, ‘सर, एक ओटीपी आया होगा.’ मी चष्मा शोधायला लागलो.

सौ. समोर भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, तुम्ही बँकेत असताना गिऱ्हाइकाला असं फोनवर विचारायचात का?”

फोन ठेवला. पैसे वाचले. पण त्या रात्री झोप लागली नाही. पैसे जाता जाता राहिले म्हणून नव्हे. ह्याला हे सगळं सांगितलं कोणी, हा प्रश्न डोक्यात होता. सकाळी उठून मी ह्या समूहावरच्या माझ्याच जुन्या पोस्ट उघडल्या. ‘माझी शेवटची शाखा’, त्यात शाखा आणि साल. लग्नाच्या वाढदिवसाची पोस्ट, त्यात सौ.चं नाव, तारखेसकट. ‘आजोळच्या आठवणी’, त्यात आईचं माहेर, आडनाव, गाव, कुलदैवत, सगळं. वर फोटो. त्या माणसाने हे इथूनच घेतलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्याने सांगितलेली एकही गोष्ट अशी नव्हती, जी मी स्वतः इथे लिहून ठेवली नव्हती.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची गुपितं सांभाळायचा पगार घेतला, त्याने स्वतःचं कपाट असं सताड उघडं टाकलं होतं. म्हणून आजचं हे लिहिणं.

नव्या मंडळींना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना आमच्याकडून एका कागदावर सही घेत. ‘डिक्लरेशन ऑफ फिडेलिटी अँड सीक्रसी’ म्हणजे निष्ठेची आणि गोपनीयतेची शपथ. हा नुसता रिवाज नव्हे. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातलं ते तेरावं कलम आहे. बँकेचं आणि बँकेच्या गिऱ्हाइकाचं जे काही कळेल ते ज्याला कळण्याचा हक्क नाही त्याला सांगणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडकॅशिअरने मला तो अर्थ शिकवला. गिऱ्हाइकाने शिल्लक विचारली की आकडा मोठ्याने बोलायचा नाही. चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी उलटी करून सरकवायची. मागे रांगेत त्याचा सावकारही उभा असेल आणि सासराही.

पुढे सीएआयआयबीच्या परीक्षेला टूर्नियर खटला पाठ करावा लागे. इंग्लंडमधला, १९२४ सालचा. टूर्नियर नावाच्या माणसावर बँकेची थोडीशी ओव्हरड्राफ्टची बाकी होती, हप्ते चुकले होते. शाखेच्या मॅनेजरने त्याचा पत्ता विचारायला म्हणून त्याच्या मालकाला फोन केला, आणि बोलता बोलता सांगून बसला की याच्याकडे आमची बाकी आहे, शिवाय हा पैजा लावत असावा. त्या माणसाची नोकरी पुढे चालू ठेवली गेली नाही. तो कोर्टात गेला. वरच्या कोर्टाने सांगितलं की गिऱ्हाइकाची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं कायदेशीर कर्तव्य आहे. अपवाद चारच: कायद्याने भाग पाडलं तर, सार्वजनिक हितासाठी, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी लागेल तितकं, आणि गिऱ्हाइकाची संमती असेल तर. हे चार अपवाद मला आजही घडाघडा येतात.

पाठ येणं वेगळं आणि पाळणं वेगळं. आता जे सांगतो ते मी आजवर घरातसुद्धा फक्त सौ.ला सांगितलेलं आहे. शपथ अजून सुटलेली नाही, म्हणून त्यातल्या माणसांचा धंदा, साल आणि गावचा भाग मुद्दाम बदलला आहे.

मी नवा नवा ऑफिसर झालो होतो. एका रविवारी मामा घरी आले. मामेबहिणीसाठी एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाचा छोटा छापखाना होता आणि त्याचं खातं माझ्याच शाखेत होतं. मामा म्हणाले, “तू घरचा माणूस. आकडा नको सांगूस. नुसतं एवढं सांग, पुढे जाऊ की नको?” मी आकडा सांगितला नाही. खात्यात काय आहे तेही सांगितलं नाही. फक्त म्हणालो, “मामा, घाई करू नका.”

चार शब्द. पण मामांनी जे समजायचं ते समजून घेतलं. बोलणी तिथेच थांबली. चार घरांत कुजबुज झाली, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या मुलाचं कुठेच जमलं नाही, हे माझ्या कानावर येत राहिलं.

मी जे पाहिलं होतं ते खरं होतं. कर्ज थकलेलं होतं, दोन चेक परत गेले होते. जे मला दिसलं नव्हतं ते असं, की त्याच्या वडिलांना उपचारासाठी मुंबईला नेलं होतं आणि मशीनचे हप्ते बाजूला ठेवून तो त्यांच्यावर खर्च करत होता. दीड वर्षात त्याने पै न् पै फेडली. खातं बंद करण्याची शेवटची नोंद माझ्याच अक्षरात आहे. त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. म्हणाला, “साहेब, तुमच्या शाखेने सांभाळून घेतलं.” मी पेढा घेतला. तो कसा गिळला ते माझं मला ठाऊक.

लेजरमधला आकडा खरा असतो, पण तो माणसाबद्दल सगळं सांगत नाही. थकबाकी दिसते, बाप आजारी आहे ते दिसत नाही. मला निदान त्या पेढ्याने शिक्षा दिली. आज कर्ज देणारी ॲप, विमा विकणारे, नोकरी देण्याआधी इंटरनेटवर नाव शोधणारे, सगळे दिवसभर हेच करताहेत. अर्धवट आकड्यांवरून पुऱ्या माणसाबद्दल ‘घाई करू नका’ असं कोणाला तरी सांगताहेत. त्यांच्यासमोर पेढे घेऊन कोणी येत नाही. ज्याचं काम अडलं त्याला का अडलं हे कळतही नाही.

पुष्कळ जण म्हणतात, “आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? चोराने घाबरावं.” त्यांना मी आमच्या शाखेतल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. चार घरी पोळ्या करायच्या. दर महिन्याला थोडे पैसे जमा करायच्या, मुलीच्या फीसाठी. नवरा प्यायचा. पासबुक घरी नेलं तर पैसे टिकणार नाहीत, म्हणून त्या म्हणायच्या, “भाऊ, तुमच्याच खणात राहू द्या.” नियमात बसत नव्हतं, पण राहू दिलं. एकदा नवरा आला, दम देऊन विचारू लागला. आमचा हेडकॅशिअर शांतपणे म्हणाला, “बँक सांगत नसते.” तीन शब्दांत त्या मुलीची फी वाचली. ती बाई चोर होती का? खासगीपण हे श्रीमंतांच्या तिजोरीपेक्षा अशा दुबळ्या माणसाच्या जास्त उपयोगी पडतं. आता त्याच बाईंनी पैसे भरले की टुणकन मेसेज वाजतो. फोन घरात एकच, आणि तो बहुधा नवऱ्याच्या खिशात. सोय झाली हे खरं, पण खण गेला.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा. परवा एका स्नेह्यांनी मला ऐकवलं, “अहो, वाड्यात कुठे होतं तुमचं खासगीपण? मधल्या काकूंना आपल्या घरात काय शिजतंय ते आपल्याआधी कळायचं.” अगदी खरं. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं, नळ एक, संडास दोन. कोणाचं पत्र आलं, कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाच्या घरी भांडण झालं, सगळं ओट्यावर यायचं. त्याचा जाचही होता. वाड्यातल्या मुलींना आणि सुनांना विचारा, त्या सांगतील किती होता. मी वाड्याचं गोडवं गायला बसलेलो नाही.

पण एक फरक होता. काकू आपल्याकडे बघायच्या, तर आपणही काकूंकडे बघत होतो. त्यांना आपलं ठाऊक, आपल्याला त्यांचं. त्यामुळे बोलण्याला आपोआप लगाम बसायचा. आणि ज्या काकू चहाड्या करत, त्याच रात्री-अपरात्री तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवायला येत. शिवाय माणसं विसरायची. नापास झाल्याची गोष्ट पुढच्या वर्षी पास झाल्यावर पुसली जायची. आता बघणारा दिसत नाही, त्याचं आपल्याला काही ठाऊक नाही, तो मदतीला येणार नाही आणि तो विसरतही नाही.

घरातलंच उदाहरण देतो. मुलाने काळजीपोटी आमच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवला. आम्ही दोघंच असतो, पडलो-झडलो तर कळावं म्हणून. हेतू सोन्यासारखा. महिनाभराने त्याचा पुण्याहून फोन, “बाबा, आई हल्ली दुपारी झोपत नाही का?” मी कौतुकाने हिला सांगितलं. ती गप्प झाली. मग माझ्या लक्षात आलं की ती हॉलमध्ये पाय पसरून बसेनाशी झाली होती. तिच्या मैत्रिणी आल्या की सगळ्या आतल्या खोलीत जाऊन बोलायच्या. एक दिवस म्हणाली, “मी माझ्याच घरात पाहुणी झालेय.” मुलाशी बोललो. त्याला वाईट वाटलं, कारण त्याच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. आता कॅमेरा दाराबाहेर आहे, आणि रोज रात्री नऊला तो स्वतः फोन करतो. मला विचाराल तर दुसरी व्यवस्था जास्त भरवशाची आहे.

कायद्याचंही थोडं सांगतो. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे की नाही, यावर आपल्या देशात बरीच वर्षं घोळ होता. १९७५ चा एक खटला तर आपल्याच मध्य प्रदेशातला. पोलिसांच्या दफ्तरी ज्याचं नाव लागलं आहे त्याच्यावर पाळत ठेवायची, रात्री-बेरात्री घरी जाऊन बघायचं, असे इथल्या पोलिसांचे जुने नियम होते. गोविंद नावाच्या माणसाने त्यांना आव्हान दिलं. सुप्रीम कोर्टाने नियम रद्द केले नाहीत, पण ते घटनाबाह्य होण्याच्या अगदी काठावर आहेत, सरकारने सुधारावेत, असं बजावलं. स्पष्ट निकाल यायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडलं. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्या खटल्याचे मूळ अर्जदार कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी. आधारच्या विरोधात त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या वर होतं. ‘आता या वयात काय करायचंय’ असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. सरकारने स्वतःला त्यात बऱ्याच सवलती ठेवल्या आहेत, त्यावर जाणकार भांडताहेत आणि भांडायलाच हवं. पण मला आपल्यापुरतं तिसरं कलम महत्त्वाचं वाटलं. जी माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही. दिलेल्या उदाहरणात तर सोशल मीडियावर स्वतःबद्दल लिहिणाऱ्या व्यक्तीचाच दाखला आहे. म्हणजे कपाटाला कुलूप कायदा देईल, पण आपणच सामान अंगणात मांडलं तर तो येणार नाही.

आणि आपण काय काय मांडतो ते बघा. वधू-वर ग्रुपवर मुलीची माहिती फिरते: जन्मतारीख, वेळ, ठिकाण, पगार, कंपनी, घराचा पत्ता, वडिलांचा मोबाइल, तीन फोटो. पत्रिका जमायला तारीख-वेळ लागते हे मान्य. पण ती पाचशे लोकांना लागत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न होऊन मूल शाळेत जायला लागलं, तरी अजून तिच्या वडिलांना ‘स्थळ पाहिलं’ म्हणून फोन येतात. तो कागद अजून कुठेतरी फिरतोच आहे. श्रद्धांजलीच्या पोस्ट घ्या. दहाव्याला सगळं कुटुंब नाशिकला जाणार, हे घराच्या पत्त्यासकट. चारधामला निघालेल्यांचे स्टेशनवरचे फोटो. नातवाच्या शाळेचा गणवेश, त्यावर शाळेचं नाव. वंशावळ, तीत हयात माणसांच्या जन्मतारखा.

ह्यात आपली स्वतःची माहिती थोडी असते, दुसऱ्याची जास्त. टूर्नियरमधला चौथा अपवाद आठवा: गिऱ्हाइकाची संमती. सुनेचा फोटो टाकताना तिला विचारलं का? काकांच्या आजारपणाबद्दल लिहिताना त्यांच्या मुलांना विचारलं का? नातू तर विचारूनही सांगू शकत नाही. तो मोठा होईल तेव्हा त्याचं अर्धं आयुष्य आजोबांनी आधीच मांडून ठेवलेलं असेल.

मग लिहायचंच नाही का? तसं म्हणणारा मी शेवटचा. हा समूह नसता तर रामबागेची, शाळांची, गणपतीतल्या मेळ्यांची कितीतरी माहिती आमच्याबरोबरच गेली असती. मालव्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाचा इतिहास पोथ्यांत कमी आणि अशा आठवणींत जास्त आहे. तो लिहायलाच हवा. फक्त आकडा चिठ्ठीवर लिहून उलटा सरकवायची ती सवय ठेवावी. गोष्ट सांगा, पण तारीख, पत्ता, आईचं माहेरचं आडनाव, खात्याची बँक ही किल्ल्यांची जुडगी घरात ठेवा. गोष्टीची गोडी त्याने कमी होत नाही. वरची छापखान्याची गोष्ट तुम्ही वाचलीत ना? त्यात छापखाना नव्हताच.

मी स्वतः काय केलं ते सांगून थांबतो. माझ्या जुन्या चौदा पोस्टमधून वर सांगितलेल्या गोष्टी काढल्या. आधारची प्रत कुठे द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच अंक दिसणारी देतो, आणि बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं आहे. नातवाचे फोटो आता कुटुंबाच्या ग्रुपवरच जातात. फोनवरचा माणूस कितीही माहीतगार वाटला तरी फोन ठेवून मी शाखेत स्वतः जाऊन विचारतो, चालणं तेवढंच होतं. आणि कोणाला फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० वर ताबडतोब फोन करा, पहिल्या तासा-दोन तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते. आपल्यातली किती मंडळी फसून गप्प बसली आहेत ते मला ठाऊक आहे. नावं अर्थातच सांगणार नाही.

ॲडमिन मंडळींना एक विनंती. वधू-वर माहिती उघड्यावर न टाकता, इच्छुकांनी मागितल्यावर आई-वडिलांनीच थेट पाठवावी, असा नियम करता आला तर पाहा. सुरुवातीला कुरकुर होईल. आमच्या शाखेत चिठ्ठीवर शिल्लक लिहून देतानाही व्हायची. “साहेब, सरळ सांगा ना,” म्हणायचे लोक. ज्याच्या मागे सासरा उभा असे, तो मात्र कधी म्हणाला नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी.